शाईचं पेन की विणकामाच्या सुया : आधी काय हातात घ्यावं?

दोन्ही एकदम सुरू करू नका, हे आधीच सांगून टाकते. दोन्ही छंदांना पहिल्या महिन्यात तोच एक वेळ हवा असतो, जेवणं आटोपल्यानंतरचा रात्रीचा तास. शिवाय शाई लागलेल्या बोटांनी पांढरी लोकर धरता येत नाही. तेव्हा एक निवडा, तो अंगवळणी पडू द्या, मग दुसऱ्याकडे वळा.

हा आढावा ज्यांच्यासाठी लिहितेय ते लोक मला आजूबाजूला सतत भेटतात. दिवसभर स्क्रीनसमोर बसून कंटाळलेले, हातानं काहीतरी करावं असं वाटणारे, आणि मनाच्या एका कोपऱ्यात ‘पुढेमागे यातून चार पैसे मिळाले तर काय हरकत आहे’ असंही म्हणणारे. त्यांच्यापैकी निम्म्यांना शाळेतलं शाईपेन आठवतं, निम्म्यांना आईच्या किंवा मावशीच्या हातातल्या सुया. आठवणीवर निवड करू नये असं माझं मत आहे. पाचवीत शाईपेन आवडायचं, कारण ते मोठं झाल्याची खूण होती. आज ते आवडेल की नाही, हे तुम्ही आज काय लिहिता यावर ठरेल.

एक गोष्ट दोन्हींत सारखी आहे : गरज म्हणून यातलं काहीच उरलेलं नाही. विणकामाचं पहिलं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली यानं १५८९ मध्ये बनवलं, म्हणजे हातविणकाम चारशेहून अधिक वर्षं यंत्राशी स्पर्धा करतंय. शाईपेनाला धक्का उशिरा बसला. लाझ्लो बिरो यानं १९३८ मध्ये बॉलपेनचं पेटंट घेतलं आणि पुढच्या तीसेक वर्षांत कचेऱ्यांतल्या टेबलांवरून दौती उठल्या. त्यामुळे ‘उपयोग काय?’ हा प्रश्न दोन्हींच्या बाबतीत निकालात निघालेला आहे. दहा रुपयांचं बॉलपेन लिहितं, आणि हंगाम संपताना रस्त्यावर स्वेटर लोकरीच्या भावात मिळतो.

फरक आहे तो तुमच्या वाट्याला काय काम येतं त्यात. पेन तयार मिळतं, कागदावरचं तुम्ही आणायचं. विणकामात वस्तूच तुम्ही घडवायची असते. हा फरक एकदा लक्षात आला की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

सुरुवातीचे दिवस

पेनाच्या बाजूनं सगळ्यात मोठा मुद्दा हा, की ते पहिल्याच संध्याकाळी चालतं. शाई भरा, पाच मिनिटं निब खाली करून ठेवा, लिहा. शिकायचं म्हणजे एवढंच, की दाबायचं नाही. बॉलपेनमध्ये गोळी फिरवायला जोर लागतो आणि तो जोर आपल्या बोटांत इतका मुरलेला असतो की सुरुवातीला निब कागदात रुतवली जाते. शाईपेनात निबेच्या चिरेतून शाई आपोआप खाली येते. निबेखालच्या जिभेतल्या बारीक खाचांतून शाई खाली उतरते आणि तेवढीच हवा वर जाते. पेनाचं स्वतःचं वजन पुरतं. चारपाच दिवसांत हात सैल पडतो, आणि मनगट दुखत नाही म्हणून लोक दोन पानांऐवजी चार पानं लिहायला लागतात.

विणकामाचं तसं नाही. पहिले पंधरा दिवस तुमच्या हातून जे निघेल ते कुणाला दाखवण्यासारखं नसतं. वीस टाके घालून सुरुवात केली तर दहाव्या ओळीपर्यंत ते तेवीस झालेले असतात आणि कडा सापासारखी वळवळते. कारण बहुधा एकच : ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे जातो, पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि आपण ते दोन टाके समजून विणतो. हे समोर बसलेल्या माणसाला दोन सेकंदांत दिसतं. व्हिडिओ पाहून शिकणारा मात्र आठवडाभर डोकं धरून बसतो. म्हणून विणकाम शिकायचं असेल, तर घरात किंवा इमारतीत विणणारं कुणी आहे का, हे आधी पाहा. असेल तर तुमचा निर्णय निम्मा झाला.

सुटलेला टाका हा नवशिक्याचा खरा शत्रू. सुईवरून एक टाका निसटतो, त्याखालचा सुटतो, त्याखालचा सुटतो, आणि विणीत शिडीसारख्या आडव्या दोऱ्या दिसायला लागतात. इथे बरेचजण सगळं उसवतात. उसवू नका. क्रोशाची बारीक सुई घ्या, काम सुलट बाजूनं समोर धरा, खाली अडकून राहिलेल्या टाक्यात सुई पुढून घाला, त्याच्या लगेच वरची आडवी दोरी आकड्यात पकडा आणि टाक्यातून बाहेर ओढा. एक पायरी वर. पुन्हा तसंच. वर पोचलात की टाका परत मूळ सुईवर चढवा. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा विणकामाची भीती जाते, कारण वीण म्हणजे एकाच लांब धाग्याच्या एकमेकींत अडकवलेल्या फासा, हे डोळ्यांना दिसतं. सुलट आणि उलट हेसुद्धा दोन वेगळे टाके नसून एकाच टाक्याच्या दोन बाजू आहेत, हेही तेव्हाच कळतं.

म्हणजे सुरुवातीच्या सुखात पेन पुढे. पण पेनाची शिकण्याची जागा महिन्याभरात संपते आणि मग तुमच्याकडे लिहायला काही असावं लागतं. विणकामात महिन्यानं तर आत्ता कुठे मोजे, केबल म्हणजे पिळाची वीण, गोल सुया, जाळीची वीण हे सगळं समोर उभं राहतं.

पेन घेणार असाल तर

भारतात राहून शाईपेनाचा छंद करणं तुलनेनं स्वस्त आणि फार मजेचं आहे, हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं. आंध्रातल्या राजमहेंद्रीला रत्नम यांनी स्वदेशीच्या काळात पेनं बनवायला सुरुवात केली, आणि त्यांचं पेन मिळाल्यावर गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याहून त्यांना पत्र लिहिलं होतं. एबोनाइटची पेनं लेथवर हातानं घडवण्याची ती परंपरा दक्षिणेत अजून चालू आहे. राजमहेंद्री, चेन्नई, हैदराबाद इथल्या छोट्या घरगुती कारखान्यांतली पेनं परदेशातले शौकीन मागवून घेतात. आपल्या मुंबईचं एअरमेल आहेच. शाईचं म्हणाल तर दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईच्या पुडीपासून जो धंदा सुरू केला, त्याचंच पुढे कॅम्लिन झालं. त्यांची उंटाची शाई अजूनही कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते आणि बाटली शंभराच्या आत येते. बंगालची सुलेखा हीसुद्धा १९३४ ची, स्वदेशीच्या चळवळीतूनच आलेली. मध्यंतरी बंद पडली होती, आता पुन्हा मिळते.

एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. हातात ते प्लास्टिकपेक्षा उबदार लागतं, घामानं निसटत नाही, आणि नवीन असताना त्याला रबराचा किंचित वास येतो. काहींना तो आवडत नाही. मला आवडतो.

या पेनांची शाई भरण्याची रीत मात्र आधी समजून घ्या. ड्रॉपरनं भरायचं पेन म्हणजे सगळी नळीच टाकी. पुढचा भाग फिरवून काढायचा, नळीत ड्रॉपरनं शाई सोडायची, गळ्याशी थोडी जागा ठेवायची, आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा बारीक हात फिरवायचा आणि बंद करायचं. दोन-तीन मिली शाई सहज मावते. परीक्षेचा अख्खा आठवडा निघेल. तोटा असा, की शाई पाव नळीच्या खाली गेली की आत हवा जास्त होते, हाताच्या उबेनं ती फुगते आणि निबेतून एक टपोरा थेंब बरोबर सहीच्या जागी पडतो. उपाय सोपा : नळी अर्ध्यावर आली की भरून टाकायची. ज्यांना एवढी काळजी नको, त्यांनी कन्व्हर्टरचं, म्हणजे शाई ओढून घेणारी सुटी नळी बसणारं पेन घ्यावं. त्यात पाऊण मिलीच्या आसपास शाई मावते, म्हणजे साठ मिलीच्या एका बाटलीत ते ऐंशी वेळा भरून होतं. रोज पान-दीड पान लिहिणाऱ्याला बाटली संपवायला वर्षं लागतील. काडतुसांच्या, म्हणजे शाई भरूनच मिळणाऱ्या नळ्यांच्या, नादी लागू नका. प्रत्येक जपानी कंपनीचं काडतूस वेगळं, आणि लहान गावांत ती मिळत नाहीत.

निब कुठली? देवनागरी लिहिणार असाल तर बारीक. इंग्रजी अक्षरं मोकळी असतात. आपल्याकडे ‘क्ष’, ‘ष्ठ’, ‘ज्ञ’ यांच्या पोटातली जागा रुंद निबेनं बुजून जाते, आणि वर शिरोरेघ ओढताना ओल्या दांड्यांच्या टोकाशी शाईची छोटी तळी साचतात. जपानी निबेवरचं ‘एफ’ (फाइन, म्हणजे बारीक) हे युरोपीय किंवा भारतीय ‘एफ’पेक्षा बारीक असतं, हेही लक्षात ठेवा. पायलट किंवा प्लॅटिनम या जपानी कंपन्यांचं स्वस्तातलं पेन घेऊन सुरुवात करणाऱ्याचं मराठी अक्षर लगेच नीटस दिसतं ते यामुळे. प्लॅटिनम प्रेपीच्या टोपणात आतून झाकण असल्यानं महिनाभर पडून राहिलं तरी शाई वाळत नाही. अधूनमधूनच लिहिणाऱ्यांना ते बरं.

‘दुसऱ्याला पेन दिलं की निब बिघडते’ हे आपण शाळेपासून ऐकलंय. निबेच्या टोकाला कठीण मिश्रधातूचा थेंब असतो, तो कुणी एक अर्ज लिहिल्यानं झिजत नाही. पण समोरचा बॉलपेनवाला असेल तर तो निबेच्या दोन्ही पात्या फाकवेल हे नक्की. तेव्हा ‘देत नाही’ हे उत्तर बरोबरच आहे, कारण तेवढं वेगळं.

पेनाच्या दुनियेत खरा खर्च कागदाचा. साध्या वहीत शाई फुटते, मागच्या पानावर उतरते, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात कागद ओलावा धरतो तेव्हा तर जास्तच. नवीन पेन घेऊन हिरमुसलेले बहुतेक लोक पेनामुळे हिरमुसलेले नसतात. सत्तरच्या वर जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) असलेली वही घ्या, किंवा नव्वद-शंभर जीएसएमचे बाँड पेपर आणून अप्पा बळवंत चौकातल्यासारख्या एखाद्या बायंडिंगवाल्याकडून शिवून घ्या. आयात वहीच्या किमतीत दोन-तीन होतात. आणि एक ताकीद : चित्रकलेची काळी वॉटरप्रूफ शाई पेनात कधीही भरायची नाही. तिच्यातला लाखेचा अंश जिभेच्या खाचांत वाळला की पेन गेलं.

सुया घेणार असाल तर

सुयांच्या नंबरात पहिला घोळ होतो, म्हणून तो आधी. आपल्याकडच्या दुकानांत जुने इंग्लिश नंबर चालतात. नंबर मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन पद्धतीत नेमकं उलटं, तिथे आठ नंबर म्हणजे पाच मिलिमीटर. इंटरनेटवरचा अमेरिकन नमुना पाहून तुळशीबागेत ‘आठ नंबर द्या’ म्हटलंत, तर एक मिलिमीटर बारीक सुया घरी येतील आणि स्वेटर लेकीऐवजी नातीला होईल. नंबर विसरा, मिलिमीटर मागा. क्रोशातही तीच गंमत आहे. अमेरिकनांचा ‘सिंगल’ तो इंग्लिशांचा ‘डबल’. नमुना कुठला आहे हे पाहिल्याशिवाय सुरुवात करू नका.

सुया आपल्याच देशात चांगल्या बनतात. निलगिरीत बनणाऱ्या ‘पोनी’च्या ॲल्युमिनियमच्या सुया घरोघरी असतात. त्या शंभर-दीडशेत जोडी मिळते आणि वाकल्या तरच बदलाव्या लागतात. ‘निटप्रो’ हे नाव परदेशातले विणणारे मोठ्या कौतुकानं घेतात, तीही भारतीयच कंपनी. पहिल्या जोडीसाठी लाकडी किंवा बांबूच्या सुया मिळाल्या तर बघा, कारण टाके त्यांवरून पटकन घसरत नाहीत. हात बसला की धातूच्या घ्या, मग वेग येतो.

लोकरीचं काय? दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असते, लुधियानाकडून आलेली. शंभर ग्रॅमला साधारण शंभर-दोनशे रुपये. शिकायला ती उत्तम : उसवून पुन्हा विणली तरी तक्रार करत नाही, तिला कसर लागत नाही, मशीनमध्ये धुता येते. फक्त इस्त्री लावू नका. उष्णतेनं ॲक्रिलिक मरतं, विणीतला उठाव जातो आणि कापड लुळं पडतं, मग ते परत येत नाही. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर कुणाला मोहात पाडत असेल तर सांगते, ती घोंगडीसाठी आहे. मागावर तिचा जवाब नाही, पण गळ्याला टोचते.

आता तो प्रश्न, जो मुंबईकर विचारतातच : स्वेटर घालायचा कुठे? प्रश्न रास्त आहे. ठाण्यात किंवा पणजीत राहणाऱ्यानं स्वतःसाठी स्वेटर विणणं म्हणजे हौसेला मोल नाही याचाच प्रकार. पण विणकाम म्हणजे स्वेटरच असं नाही. बाळाचं टोपडं, मोजे, सुती धाग्याचा स्टोल, पिशवी, आणि एअर कंडिशनरमध्ये बसणाऱ्यांसाठी शाल. टोरांटोत किंवा म्युनिकमध्ये तुमचं कुणी असेल तर मग स्वेटरलाही मागणी आहे. मात्र तिकडे पाठवताना मापाचा अंदाज हातावर घेऊ नका, आधी नमुन्याचा तुकडा विणा. समजा नमुन्यात दहा सेंटीमीटरला बावीस टाके सांगितलेत आणि तुमचा हात सैल असल्यामुळे वीसच बसतायत. छातीचा घेर शंभर सेंटीमीटर हवा म्हणून तुम्ही दोनशेवीस टाके घातलेत, तर स्वेटर एकशेदहाचा होईल. दोन टाक्यांच्या फरकानं चार इंच. हा तुकडा विणायचा कंटाळा प्रत्येकाला येतो आणि प्रत्येकाला तो भोवतो.

क्रोशाबद्दल दोन शब्द, कारण ‘विणकाम’ म्हणताना आपल्या घरांत दोन्ही येतं. एकच सुई, एका वेळी एकच जिवंत टाका, त्यामुळे सुटला तरी शिडी पडत नाही. शिकायला सोपं, धाग्याला खर्चिक, आणि तोरणं, रुमाल, खेळणी अशा ताठ वस्तूंना चांगलं. अंगावर घालायच्या मऊ कपड्याला दोन सुयाच. ज्यांना धीर कमी आहे त्यांना मी सरळ क्रोशाकडे पाठवते.

वेळ, जागा, शरीर

चाळीस टाक्यांचा मफलर तीनशे ओळींचा धरला तर बारा हजार टाके होतात. मिनिटाला वीस टाके पडले तर दहा तास. विणकामात हे हिशेब करावेत, म्हणजे लग्नाच्या आदल्या आठवड्यात शाल सुरू करण्याची वेळ येत नाही. हे दहा तास तुकड्यातुकड्यांनी मिळाले तरी चालतात, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथेही, नाटकाच्या तालमीला थांबलात तर तिथेही. गप्पा मारत, बातम्या ऐकत विणता येतं. लिहिताना दुसरं काही ऐकता येत नाही. पेनाला टेबल लागतं, उजेड लागतो, आणि घरात दुसरं कुणी बोलत नसलेलं बरं.

मनगट दोन्हींत सांभाळावं लागतं, विणकामात जास्त. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं की त्या दिवसापुरतं थांबायचं, ‘एवढी ओळ संपवते’ म्हणायचं नाही. डावखुऱ्यांना पेनाचा त्रास ठाऊक आहेच, तळवा ओल्या शाईवरून जातो. बारीक निब आणि लवकर वाळणारी शाई याशिवाय उपाय नाही. विणताना मात्र दोन्ही हात कामात असतात, त्यामुळे बरेच डावखुरे उजव्यांसारखंच शिकतात आणि त्यांचं काही अडत नाही.

हाव दोन्हीकडे आहे. पेनवाला दहावं पेन घेतो आणि त्याची परीक्षा म्हणून त्याच पेनाबद्दल एक पान लिहितो. विणणारी ‘सेल होता’ म्हणून तीन स्वेटरांची लोकर आणते आणि ती दिवाणाच्या पोटात जाते. माझ्या मते पेनाची हाव जास्त धोकादायक, कारण तिथे विकत घेणं हेच छंद करण्यासारखं वाटतं. लोकर निदान समोरून विचारत तरी राहते, की माझं काय करणार आहेस.

चार पैसे मिळवायचे असतील तर

इथे बरेच भ्रम आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर.

हातानं विणलेला मोठ्या माणसाचा स्वेटर घ्या. अर्धा किलो धागा, दीडशे रुपये शंभर ग्रॅमचा धरला तर साडेसातशे रुपये. पन्नास तास काम, तासाला फक्त शंभर रुपये लावले तरी पाच हजार. म्हणजे पावणेसहा हजारांच्या खाली विकलात तर तुम्ही स्वतःचे कष्ट फुकट देताय. समोर दुकानात यंत्रावरचा स्वेटर हजाराच्या आसपास लटकलेला असतो. ओळखीच्या काकू म्हणणार, ‘अगं, लोकरीचे पैसे घे ना, वर दोनशे देते.’ हा संवाद टाळायचा असेल तर विक्रीसाठी स्वेटर विणूच नका. छोट्या वस्तू करा, ज्या एका-दोन बैठकांत होतात आणि ज्यांची तुलना दुकानातल्या मालाशी होत नाही.

क्रोशाला इथे मोठा फायदा आहे. हातविणकामासारखं कापड यंत्र काढतं, पण हातक्रोशासारखा क्रोशा काढणारं यंत्र कारखान्यांत वापरात नाही. दुकानात क्रोशाचा टॉप दिसला तर तो कुठे ना कुठे कुणीतरी हातानंच केलेला असतो. (आणि तो पाचशेला मिळत असेल, तर त्या हाताला काय मिळालं असेल याचा विचार करा.) म्हणून खेळणी, बाळंतविड्यातल्या वस्तू, तोरणं यांत क्रोशावाली टिकते. दुसरा रस्ता म्हणजे नमुने लिहून विकणं. रॅव्हेलरी हे संकेतस्थळ २००७ मध्ये आल्यापासून घरी बसून नमुने लिहिणाऱ्यांना जगभरचं गिऱ्हाईक मिळालं. एकदा लिहिलेला नमुना कितीही वेळा विकता येतो, तिथे तासांचा हिशेब आड येत नाही. पण नमुना लिहिणं हे विणण्याहून वेगळं कौशल्य आहे. पाच मापांत टाक्यांचं गणित बसवावं लागतं आणि दुसऱ्यांकडून विणून तपासून घ्यावं लागतं. दुसऱ्याचा विकत घेतलेला नमुना झेरॉक्स काढून वाटणं ही चोरी आहे, आणि आपल्या भिशी मंडळांत ती सर्रास चालते. तिसरा रस्ता शिकवणीचा. माझ्या पाहण्यात विणकामातून ज्यांना नियमित पैसे मिळतात, त्या बहुतेकजणी विणून विकण्यापेक्षा शिकवून कमावतात.

धागा रंगवणं हेही एक काम आहे. मंजिष्ठा, नीळ, डाळिंबाची साल यांचे रंग खऱ्या लोकरीवर सुंदर चढतात, सुतावर थोड्या खटपटीनं चढतात, ॲक्रिलिकवर अजिबात नाहीत. भांडी, पाणी आणि गच्ची असेल तरच या वाटेला जा.

पेनाच्या बाजूनं कमाईची तीन दारं आहेत आणि तिन्हींची कुलपं वेगळी. पेन बनवायचं तर लेथ हवा, एबोनाइटचे दांडे हवेत आणि कारागिराकडे शिकायला वर्ष-दोन वर्षं हवीत. जगातले बरेच छोटे पेनवाले निब स्वतः बनवत नाहीत, जर्मनीच्या योवो किंवा बॉककडून घेतात. तुम्हीही तेच कराल, म्हणजे भांडवल अडकणार. दुसरं दार निब घासून देण्याचं. त्याला भिंग, बारीक घासकागद आणि भरपूर वाया घालवायच्या निबा लागतात, पण खोलीच्या कोपऱ्यात होतं, आणि हे काम चांगलं करणारे आपल्याकडे फार नाहीत. तिसरं सुलेखनाचं, जे सगळ्यांना सोपं वाटतं.

सुलेखनाबद्दल एक सांगायलाच हवं. साधं गोल टोकाचं पेन कितीही महाग घेतलंत तरी त्यातून जाड-बारीक रेघ निघत नाही. त्यासाठी कट निब, म्हणजे टोक तिरकं कापलेली निब लागते, आणि देवनागरीचा काप रोमनच्या उलट्या तिरक्यात असतो. इंग्रजी सुलेखनासाठी आणलेल्या निबेनं मराठी लिहिलं की अक्षराचं वजन भलत्याच जागी पडतं आणि काहीतरी खटकतंय एवढंच कळतं. बोरूची लेखणी स्वतः कापायला शिकलात तर हा प्रश्नच मिटतो, आणि बोरूला खर्च जवळजवळ नाही. मानपत्रं, पत्रिकांवरची नावं, दुकानांच्या पाट्यांची अक्षरं ही कामं अजून मिळतात. ती पेनांच्या संग्रहावर मिळत नाहीत, रोजच्या सरावावर मिळतात.

‘लिहिणं’ हे चौथं दार मी मुद्दाम धरलं नाही. ज्याला लिहायचंय तो पेन्सिलीनंही लिहितो. पेनानं लिखाण सुचत नाही, फार तर बसायला निमित्त मिळतं.

मग?

रोजनिशी लिहिता, क्लासच्या टिपा काढता, यूपीएससीची तयारी करता, पत्रं पाठवता, किंवा कामात हातानं बरंच टिपून ठेवता, असं असेल तर पेन घ्या. तुमचं लिहिणं आधीच चालू आहे, पेन त्यात फक्त गोडी आणेल. लिहायला काही नाही पण पेनं फार सुंदर दिसतात, असं असेल तर थांबा. सहा महिन्यांनी ड्रॉवरमध्ये वाळलेली पेनं निघतील.

संध्याकाळी हाताला चाळा हवा, मोबाइल सुटायला हवा, घरातल्यांच्या गप्पांत बसूनच काही करायचंय, तर सुया. इथे माझं पारडं उघड झुकतं. स्क्रीनला कंटाळलेल्या माणसाला मी दहातल्या आठ वेळा विणकामच सुचवेन, कारण दोन्ही हात गुंतलेले असताना फोन उचलता येत नाही आणि दिवसाअखेर वाढलेली वीण बोटानं मोजता येते. पण शिकवणारं कुणी नसेल आणि तुमचा स्वभाव उतावळा असेल, तर आधी क्रोशा, दोन सुया पुढच्या वर्षी.

कमाई हाच मुख्य हेतू असेल तर क्रोशा किंवा बोरू, आणि पहिलं वर्ष काहीही विकायचं नाही.

खरेदी एवढीच करा. पेनवाल्यांनी : बारीक निबेचं, कन्व्हर्टर बसणारं एक पेन, निळ्या शाईची एक बाटली, एक चांगली वही. मिळून हजारात बसतं. दुसरी शाई पहिली अर्धी झाल्यावर. सुयावाल्यांनी : चार मिलिमीटरची एक जोडी, फिक्या रंगाचे शंभर ग्रॅमचे दोन गुंडे, एक क्रोशाची सुई, बोथट टोकाची एक मोठी सुई. काळा किंवा गडद निळा धागा कितीही आवडला तरी घेऊ नका, रात्रीच्या दिव्यात त्यातले टाके दिसत नाहीत.